शेडमध्ये घेतलेलं नाव

१२ जुलै १९९९
पेठच्या अलीकडे, रेशीम केंद्रावर हजर झालो. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक फोन आणि टसर रेशमाच्या पतंगांच्या अळ्यांनी भरलेली शेड. अंबडच्या कारखान्यात लेथवर उमेदवारी, रात्रीच्या कॉलेजात शिक्षण, आणि आता पतंगांचा अभ्यासक! बायको मोहिनी म्हणाली, आता तरी कपड्यांतला ऑइलचा वास जाईल. कान मात्र लेथवरचेच. टूल बोथट झालं की आवाजावरून सगळ्यांत आधी मला कळायचं. इथं अळ्या ऐनाचा पाला खातात तो आवाज ऐकत बसलो. सुपात तांदूळ पाखडावेत तसा. मजा वाटली.

१४ जुलै
शेड सांभाळणाऱ्या अंबूबाई बोलक्या, पण शेडमध्ये नवऱ्यालाही खुणेनंच बोलावतात. म्हणाल्या, आत जित्या माणसाचं नाव घ्यायचं नाय, सायेब. गेलेल्याचं घ्या, काय नाय होत. मी म्हटलं, अळ्यांना कान नसतात. तर म्हणतात, तुमाला लय हायेत ना, मंग ऐका!

१५ जुलै
प्रयोग केला. पत्रा बडवला, शिट्टी मारली, वारलेल्या आजोबांचं नाव घेतलं. खाणं चालूच. मग जिभेवर आलं ते घेतलं: मोहिनी. सगळी शेड गप्प. अळ्यांनी माना वर केल्या. यावर शोधनिबंध छापून येणार! दिवसभर तेच नाव घेऊन टेप केलं.

२२ जुलै
अळ्यांनी कोष विणले. अंबूबाईंनी टेप ऐकली, नाव कुणाचं विचारलं. सांगितलं. चहा तसाच ठेवून उठल्या. म्हणाल्या, पतंग बाहेर पडला का तिचा आवाज घिऊन उडल, अन् मागं ती बी ऱ्हायची नाय.
फोन लावला. मोहिनीचा घसा बसलाय. कुजबुजत म्हणाली, बरंय की, तुम्हाला तेवढीच शांतता.

२ ऑगस्ट
फोनवर नुसता श्वास. मेहुणा प्रफुल्ल म्हणाला, डॉक्टरांना घशात काहीच सापडत नाही. जेवण सुटलंय.
कोषांना एकेक करून कान लावला. एकातून आलं – अहो. घरी हाक मारते तसंच.

५ ऑगस्ट
तो कोष वेगळा काढला. रेशमासाठी टाकतात तसा उकळत्या पाण्यात टाकला तर पतंग मरेल. पण तिचा आवाज? विचारायला गेलो तर अंबूबाईंनी दार उघडलं नाही. आतूनच म्हणाल्या, उकळून कुणी पाह्यलं नाय.
प्रफुल्लला सांगितलं, तिला घेऊन ये.

१० ऑगस्ट
कोषाचं टोक ओलं झालंय. आज फुटणार.
शेडमध्येच पाणी उकळतंय.

१० ऑगस्ट, पुन्हा
दोघं आली. मोहिनी नुसती हाडं. कोष मुठीत घेतला तर आतून तिचा आवाज – नका हो, पोळेल मला – आणि समोर ती मान हलवून सांगते, टाका. टाका.
लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, एरवी तिनं माझं नाव कधी घेतलं नाही. आता मुठीतून ते स्पष्ट – एकदा – पुन्हा –
प्रफुल्ल, माझाही आवाज गेला, म्हणून लिहितोय. वाच. माझी मूठ उघडत नाही. तू उघड. बोटं मोडली तरी चालतील. पाण्यात टाक, ती काय ओरडेल ते ऐकू नकोस, आतून पंख लागताहेत, लवकर –