पृथ्वीगोलांचा कारखाना, बिनशर्त

मी, या कागदाखाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, पेशाने आधी भूगोलाचा मास्तर, मग मुलांच्या पुस्तकांचा लेखक आणि उतारवयात पृथ्वीगोलांचा कारखानदार, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नसते असे वकीलसाहेब म्हणतात. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू पाहणारे दोघे होते आणि त्यातला एक मी स्वतः. त्याचा खुलासा योग्य जागी येईल.

कलम एक. यापूर्वी केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. ते लिहिले तेव्हा माझा मुलगा हयात होता. त्यात जिथे जिथे वारस आहे तिथे तिथे त्याचे नाव आहे. आधी मी जाणार आणि मागाहून तो, असे धरूनच सगळे लिहिले होते, आणि त्यात काही चुकते आहे असे वकिलांनाही तेव्हा वाटले नाही. दोन वर्षांपूर्वी भर दुपारी काम करता करता तो टेबलाशी खाली बसला, तो उठलाच नाही. मेंदूतली नस फुटली, असे डॉक्टरांनी सांगितले. जुन्या कागदातले त्याचे नाव खोडून वर दुसरे लिहावे असा सोपा मार्ग वकिलांनी सुचवला होता. माझ्याने खोडवले नाही. म्हणून हा नवा कागद.

कलम दोन. माझे राहते घर, खालचा कारखाना वगळून, आतील सामानसुमानासह, माझ्या पश्चात माझ्या लेकीला मिळावे. तिच्या आईच्या साड्या, शिवणयंत्र आणि भिंतीवरचे घड्याळ यांवरही तिचाच हक्क. घड्याळ पुढे जाते. तिच्या आईनेच ते मुद्दाम पुढे लावले होते, मला शाळेत वेळेवर पोचवण्यासाठी. मी नोकरी सोडून कारखाना काढतो आहे हे बायकोला सांगितले त्या दिवशी ती एवढेच म्हणाली, "जग विकायला निघालात ते ठीक आहे. आधी कोपऱ्यावरून साबण आणा." ती गेल्यापासून मला असे कोणी जमिनीवर आणत नाही.

कलम तीन. ज्या शाळेत मी उमेदीची वर्षे घालवली त्या शाळेला कारखान्यातून दरवर्षी दोन पृथ्वीगोल विनामूल्य द्यावेत. तिथे माझ्या वेळी एकच गोल होता आणि तो मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलूपबंद कपाटात असे. मुलांनी काचेतून पाहायचा. पलीकडची बाजू पाहायची असेल तर शिपायाला मस्का लावायचा. मी एकदा गोल वर्गात नेण्याची परवानगी मागितली तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "पोरं हात लावतील हो!" त्या उत्तराने माझ्या डोक्यात जो किडा सोडला त्याचाच पुढे कारखाना झाला. सबब, आमचे गोल कोणत्याही कपाटात आढळल्यास ते तिथल्या तिथे परत आणावेत. मुख्याध्यापक कधीच वारले, पण कपाट अजून आहे अशी माझी माहिती आहे.

कलम चार. माझी वाचायची खुर्ची, गोलांच्या लाकडी बैठकी करणाऱ्या सुतारास द्यावी. पृथ्वीगोल आपल्या आसावर कललेला असतो, हे ज्यांना शाळेत शिकवले गेले त्यांनी लक्षात ठेवावे, कारण आमच्या सुताराला ते शिकवले गेले नव्हते. त्याने एका हंगामाच्या सगळ्या बैठकी सरळ करून पाठवल्या आणि वर मला म्हणाला, "मास्तर, सगळे कलंडले होते. नीट करून दिले. जादा काही लावलं नाही." आमचा अबोला बराच टिकला. पुढे मुलाच्या अंत्ययात्रेत त्याने मला दंडाला धरून चालवले. खुर्ची एका बाजूला झुकते. त्याने ती तशीच ठेवावी, ही विनंती.

कलम पाच. माझ्या पुस्तकांचे सर्व हक्क सुनेकडे जावेत. ज्या समीक्षकाने लिहिले होते की हे गृहस्थ गावाची वेस न ओलांडता उंटावरून शेळ्या हाकतात, त्यांनी माझ्या शोकसभेत बोलू नये. त्यांनी लिहिले ते खरे होते. मी एकही समुद्र पाहिलेला नाही. पण सत्य चारचौघांत सांगायची एक रीत असते आणि ती त्यांना ठाऊक नव्हती.

कलम सहा. बँकेतली माझी शिल्लक वार्निशवाल्या मावशींना द्यावी. कारखान्याच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक गोलावरचा शेवटचा हात त्यांचा आहे. याशिवाय माझे आणि त्यांचे असे ठरले आहे की येत्या महिन्यापासून त्या आणि त्यांचे यजमान माझ्या घरी खालच्या खोलीत राहायला येतील आणि माझे दुखलेखुपले पाहतील. सुनेने इथे थांबावे असे कोणतेही कारण यापुढे उरू नये, म्हणून ही व्यवस्था केली आहे. मावशींना मी तसे स्पष्ट सांगितले. त्या म्हणाल्या, "तुम्ही औषध वेळेवर घेणार असाल तरच येते."

कलम सात. आता कारखाना. इथे मला थोडे सविस्तर लिहावे लागेल, वकीलसाहेबांनी घड्याळाकडे पाहू नये.

गोलावर कागदाच्या बारा पट्ट्या बसतात, दोन्ही टोकांना निमुळत्या. खळ लावली की कागद फुगतो. म्हणून पट्टी ओली करून जरा वेळ तशीच पडू द्यायची, तिला हवे तेवढे फुगू द्यायचे आणि मग चिकटवायची. घाई केली तर शेवटच्या पट्टीला जागा उरत नाही. माझी सून आमच्याकडे नकाशे काढायला नोकरीला आली तेव्हा हे काम तिला शिकवायची जबाबदारी मी मुलावर टाकली. दोघे एकाच टेबलावर समोरासमोर बसत, एक गोल मधे ठेवून, दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावत. त्या हंगामात जो माल गेला त्यात सातवी पट्टी दोनदा होती आणि आठवी नव्हतीच. एक देश दोनदा आला आणि एक अख्खा समुद्र नाहीसा झाला. दोघांपैकी एकाच्याही लक्षात आले नाही. एका शाळेतून तक्रार आली, "मुले विचारतात, यातला खरा देश कोणता?" मी तणतणत खाली निघालो होतो. बायकोने जिन्यातच अडवले. म्हणाली, "ओरडू नका. त्यांना काय झालंय ते तुम्हाला नाही कळणार. मला कळलंय."

मी ओरडलो नाही. त्याऐवजी दोनदा आलेल्या देशाची गोष्ट लिहिली. दोन्ही देशांतली मुले मिळून हरवलेला समुद्र शोधायला निघतात, अशी ती गोष्ट होती. प्रत्येक चुकलेल्या गोलासोबत आम्ही ती पुस्तिका दिली. परत आलेला माल पुन्हा गेला आणि शाळा आणखी मागू लागल्या. नाव मला मिळाले. चूक त्या दोघांची होती आणि आमच्या घरात त्याहून चांगले काही घडले नाही.

मुलगा गेला त्या दुपारी टेबलावर एक गोल अर्धा झालेला होता. आम्ही सगळे दवाखान्यात. परत येईपर्यंत खळ वाळून पट्ट्यांची टोके उचलली होती. पुढल्या आठवड्यात सून खाली गेली, तिने त्या पट्ट्या ओल्या करून सोडवल्या आणि नव्या लावल्या. मी म्हटले, "राहू दे ना गं तो एक." ती म्हणाली, "शाळा उघडायच्या आत माल जायला हवा, बाबा." तेव्हापासून कारखाना तीच चालवते. मी फक्त वर बसून खोकतो.

आमच्याकडे कागद पुरवणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे कागदवाले म्हणतात. त्यांची पत्नी बऱ्याच वर्षांपूर्वी वारली. मागणी नसली तरी ते नमुने घेऊन येतात आणि अंगठ्याने कागद चाचपत बसून राहतात. त्यांनी सुनेला लग्नाचे विचारले. मी जिन्यावर होतो, गुडघ्यांमुळे मला चटकन परतता आले नाही. ती म्हणाली, "बाबांना कोण आहे?" ते म्हणाले, "मी थांबेन." "कधीपर्यंत?" यावर ते म्हणाले, "ते मी विचारणार नाही. तुम्हीही सांगू नका."

मी भिंतीला धरून उभा होतो. दोन चांगली माणसे माझ्या मरणासाठी थांबली आहेत, आणि दोघांनाही ते यायला नको आहे, हे मला तिथे समजले. त्यानंतर मला नीट जेवण गेले नाही.

माझ्या लेकीचे म्हणणे वेगळे होते. "वहिनी दादाची म्हणून राहिली तर कारखाना तिचा. दुसरं घर केलं तर दादाची खुर्ची परक्याला देणार का तुम्ही, बाबा?" लेक वाईट नाही. तिचा भाऊ गेला आहे, आणि त्याची जागा कोणी घेऊ नये एवढेच तिला हवे आहे. पण मला राग आला आणि रागाच्या भरात मी उलटी अट लिहिली: सुनेने वर्षाच्या आत लग्न केले तरच कारखाना तिचा. आपण फार मोठे मन दाखवले, असे मला वाटले.

माझे सगळे लिखाण सून तपासते. लेखाचा मसुदा झाला की तो तिच्या टेबलावर ठेवायचा, ही इतक्या वर्षांची सवय. त्या सवयीने मी मृत्युपत्राचा मसुदाही तिच्याच टेबलावर ठेवला! वारसदाराकडून मृत्युपत्र तपासून घेणारा मी बहुधा पहिलाच. तिने लाल पेन्सिलने दोन स्वल्पविराम घातले, एक शब्द सुधारला आणि कागद घेऊन वर आली. लेकही तेव्हा वर होती.

"ताई म्हणतात, राहिलीस तर मिळेल. तुम्ही म्हणता, गेलीस तर मिळेल. तुला काय हवंय, असं कोणी विचारलं का मला?"

मी विचारले, "काय हवंय तुला?"

"मला तो हवाय, बाबा."

लेक खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मग सून म्हणाली, "तो मिळणार नाही. मग बाकीचं काय करायचं ते माझं मी बघेन. कारखाना दिला नाहीत तरी राग नाही. पण अट नको."

सबब, पृथ्वीगोलांचा माझा कारखाना, जागा, यंत्रे, साचे, नकाशांचे ठसे, तयार व अर्धवट माल आणि नाव यांसह, माझ्या पश्चात माझ्या सुनेच्या निर्वेध मालकीचा होईल. तिने लग्न करावे, करू नये, चालवावा, विकावा, कुलूप लावावे. अट नाही. लेकीच्या अटीला आणि माझ्या अटीला सारखीच केराची टोपली.

अट काढली, पण इच्छा काढता येत नाही, ती इथे नोंदवतो. ती जावी, आणि माझ्या डोळ्यांदेखत जावी, असे मला वाटते. ती गेली की या घरात माझ्याशी माझ्या मुलाविषयी बोलणारे रोजचे माणूस राहणार नाही, याची मला फार भीती वाटते. दोन्ही खरे आहे. यातले एक खोटे आहे असे कोणी माझ्या पश्चात सांगू नये.

कलम आठ. माझ्या दिवसकार्याला लांबण लावू नये. भाषण एकच व्हावे, तेही छोटे. कारखाना त्या दिवशी बंद ठेवला तरी चालेल, पण भिजवलेल्या पट्ट्या आधी चिकटवून घ्याव्यात.

कलम नऊ. हे कलम मी सगळ्यांसमोर बसून आत्ता लिहीत आहे. वकीलसाहेब थांबले आहेत. साक्षीला डॉक्टर आले. दुसरे साक्षीदार म्हणून वकिलांचे कारकून यायचे होते, ते तापाने पडले. कागदवाले नमुने घेऊन खाली आले होते, त्यांनी वर येऊन विचारले, "मी केली सही तर?"

वकील म्हणाले, "साक्षीदाराला या कागदातून काही मिळत नाही बरं का. तुम्हालाही नाही, आणि आज तुमची बायको असेल तर तिलाही नाही."

"म्हणूनच करतो म्हटलं. मी या मालावर डोळा ठेवून होतो, असं उद्या कोणी म्हणायला नको."

"या घराशी नातं काय तुमचं?"

"कागद देतो. आज तरी एवढंच."

सून दाराशी उभी होती. नेहमी ती अशा वेळी खाली काहीतरी काम काढते. आज हलली नाही. मग म्हणाली, "वकीलसाहेब, तारीख ठळक घाला. सही केली त्या दिवशी आमचं काही नातं नव्हतं, हे पुढे कोणी बघितलं तर कळायला हवं."

माझी लेक उठली, तिने माझ्या हातातले पेन घेतले आणि तिच्यापुढे धरले. "वहिनी, तूच घाल तारीख. बाबांचं अक्षर कोणाला लागत नाही."

मला हवे होते तेच झाले, आणि मला रडू आले. मुलगा आज पुन्हा गेला असे वाटले. डॉक्टर नाडी पाहायला उठले, त्यांना मी बसवले. हा मजकूर मृत्युपत्रात बसत नाही, काढून टाका, असे वकीलसाहेब म्हणत आहेत. तो राहील.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, सर्वांना वाचून दाखवला, आणि तो मला मान्य आहे.

लिहून देणार: मास्तर (सही)

साक्षीदार पहिले: डॉक्टर, ज्यांनी माझे डोके ठिकाणावर असल्याचे तपासून सांगितले (सही)

साक्षीदार दुसरे: कागदवाले, ज्यांचा या मिळकतीत काडीचाही हितसंबंध नाही (सही)

स्थळ: राहते घर, वरची खोली

तारीख: आजचीच, सुनेच्या हातची, ठळक