दार उघडायचा हुकूम माझा होता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, प्राणिसंग्रहालयाची निवृत्त संचालक, गुडघे सोडले तर धडधाकट आणि डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी स्वतःचे फारच कौतुक केले होते.

१. राहते घर व ठेवी माझ्या बहिणीच्या मुलीला मिळाव्यात. माझे पथ्यपाणी आणि माझा तिरसटपणा, दोन्ही तिनेच सांभाळले.

२. धाकट्या भावाला काहीच द्यायचे नाही, असे ठरवले होते. माझ्या निरोपसमारंभात तो माईकवरून म्हणाला, "ताईला माणसांपेक्षा माकडं जवळची." खरे बोलला, म्हणूनच झोंबले. त्याला माझी दुर्बीण द्यावी.

३. माझ्या नोंदवह्या संग्रहालयाच्या वाचनालयात जाव्यात. त्यांतले एक पान खोटे आहे. खरे असे:

मी संचालक झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी बिबट्याची मादी व्याली. दोन पिल्ले झाली. त्याच आठवड्यात तिच्या नव्या मोकळ्या आवाराचे उद्घाटन होते; पिंजऱ्याचे दार उघडून तिला पाहुण्यांसमोर त्यात सोडायचे होते. मादीचे रखवालदार, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणत असू, माझ्या खोलीत आले.

"बाई, पिल्लांचे डोळेपण उघडले नाहीत. गर्दी बघून ती बिथरेल. महिनाभर तिला एकटं सोडा."

"पाहुणे परवा येतायत, तात्या. महिनाभर त्यांना चहा पाजत बसू का?"

"मग दार तुम्ही उघडा. माझा हात धजणार नाही."

उद्घाटनाच्या दिवशी पिंजऱ्यामागे, आम्ही दोघेच असताना, मी त्यांना दरडावले, "उघडा!" त्यांनी उघडले. टाळ्या झाल्या. मादी एक पिल्लू तोंडात धरून लपायला जागा शोधत भिंतीलगत येरझाऱ्या घालू लागली. आडोसा नव्हता, पाहुण्यांना नीट दिसावे म्हणून तो मीच काढायला लावला होता. संध्याकाळपर्यंत दोन्ही पिल्ले तिच्याच दातांखाली गेली.

चौकशीत मी लिहून दिले की मी मनाई केली असताना रखवालदाराने परवानगीशिवाय दार उघडले. तात्यांची नोकरी गेली. ते भांडले नाहीत. जाताना एवढेच म्हणाले, "काही दिवस तिला पाठमोरं राहूनच खाणं द्या."

पुढे मी नियम केला: व्यालेल्या मादीला महिनाभर एकांत. इतर संग्रहालयांनी तो उचलला, मला पदक मिळाले. नियम तात्यांचा होता. टाळ्या वाजत तेव्हा मी मान खाली घालत असे. लोकांना तो विनय वाटे.

४. पदक मोडीत द्यावे. माझ्या मृत्यूनंतर कलम तीन संग्रहालयाच्या दप्तरी लावावे.

एवढे लिहून मी मंगळवारी तात्यांकडे गेले. त्यांना आता दिसत नाही. त्यांच्या मुलीने शिलाई मशीन थांबवून सगळे मोठ्याने वाचले.

तात्यांनी विचारले, "ती परत व्याली का?"

"हो. तीन पिल्लं. तिन्ही जगली."

"बरं झालं," म्हणाले, आणि कितीतरी वेळ मान हलवत राहिले.

मुलगी मात्र कागद माझ्या हातात ठेवून म्हणाली, "म्हणजे हे तुम्ही गेल्यावर लोकांनी वाचायचं. बाबांनी तोवर थांबायचं का?"

मी कागद पिशवीत ठेवला आणि चपला घातल्या.

५. सबब कलम तीन माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. त्याची सही केलेली प्रत आज सकाळी मी स्वतः नव्या संचालकांच्या हाती दिली. ते म्हणाले, "बाई, आता कशाला उकरून काढता?" मी म्हटले, "पोच द्या." पोच सोबत जोडली आहे.

ठिकाण: तात्यांच्या घरची बाहेरची खोली. दिनांक: ९ फेब्रुवारी.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिले: शेजारचे दातांचे डॉक्टर.

साक्षीदार दुसरी: तात्यांची मुलगी, शिवणकाम. सहीखाली तिने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: "बाईंनी माझ्यासमोर सही केली, एवढ्याचीच मी साक्षीदार. माफ केल्याची नाही."