अनफिट

वडूज,
७ मार्च १९४४

प्रिय कृष्णात,

सांगलीहून तुझं कार्ड काल आलं. हळदीच्या पेढीवर जिनदत्तशेठ घरच्यासारखं वागवतात, हे वाचून बरं वाटलं. पुढच्या दोन ओळी मात्र पुन्हा पुन्हा वाचल्या. मलकापूरच्या मुलीला नकार कळव, माझ्या रक्तातच दोष आहे, कुणाच्या लेकीचं वाटोळं नको, असं तू लिहिलंस.

इथं घरटी एक माणूस पलटणीत. इंग्रजी कुणाला येवो न येवो, फिट आणि अनफिट सगळ्यांना येतं. शिंप्याकडचा सदरा फिट बसतो, शेजारच्या रंगुबाईचा जावई फिट गडी. पाणवठ्यावर तीच मला म्हणाली, "आवं बाई, वरनं एवढं चांगलं दिसतंय पोरगं, आतनं किडकं कसं निघालं वं?" मी घागर अर्धीच भरून निघाले. शाळेतल्या कोशात तो शब्द काढून पाहिला. निरोगी, जोगा, लायक. म्हणजे माझा मुलगा यातलं काहीच नाही? त्या दिवशी वर्गातल्या मुलींना नुसती पाटी गिरवायला दिली.

भरतीच्या डॉक्टरांनी तरी दुसरं काय लिहावं? तुझे पाय घोट्यापर्यंत सुजलेले, फोडांतून पाणी वाहत होतं. त्यांनी कातडीचा रोग लिहून तुला अनफिट ठरवलं. आठवड्यात तू सांगलीची मोटार धरलीस. चढताना एवढंच म्हणालास, "माजं काय खरं न्हाई, आई."

कृष्णात, भरतीच्या आदल्या दिवशी तू पालथा पडून वर्तमानपत्र वाचत होतास आणि मी तुझ्या टाचांच्या भेगांना बिब्बा लावत होते. भेगांना थेंबभर पुरतो. मी चार बिब्बे तळव्यांवर, घोट्यांवर चोपडले. तो उतणार, कातडीला फोड आणणार हे मला ठाऊक होतं. तू नंतर विचारलंसही, बिब्बा उतला का गं? मी म्हणाले, थेंबभरानं एवढं होतं होय! तुझा थोरला भाऊ, लालासाहेब लढाईत पडल्याची तार येऊन तेव्हा चारच महिने झाले होते. दुसरी तार माझ्यानं वाचवली नसती.

तुझ्या रक्तात काही नाही, बाळा. दोष माझ्या हातात होता. मलकापूरची माणसं रविवारी येताहेत. त्यांना मी हे चारचौघांत सांगणार आहे. मग गावानं मला काय म्हणायचं ते म्हणावं. त्याआधी तुला माझ्याच अक्षरात कळावं म्हणून लिहिते आहे. मुलीला हो म्हण. आणि पुन्हा भरतीला जावंसं वाटलं तर जा, मी अडवणार नाही. एवढंच कर, उत्तर पाठव. नुसत्या शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

तुझीच,
आई