उतरवून आणलेली दारं

२ फेब्रुवारी १९८३, लातूर
नायगावच्या स्टँडवर सिंधु लग्नाला 'हाव' म्हणाली, त्या घटकेला माझं सगळं बदललं. अट एकच: आधी हक्काचं छप्पर कर, मग निरोप धाड, मी येते. कॉलेज तर नांदेडला सरांच्या अंगावर वही फेकून मधेच सोडलेलं. इकडे लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, कारकून बायकापोरांसकट खोल्या शोधत फिरून राहिलेत. वाटणीचं रान विकलं, गावाबाहेर प्लॉट घेतला. ओळीनं आठ खोल्या. सात भाड्यानं, चौथी आम्हा दोघांची. आज पत्रे चढले. मी वर उभा राहून शीळ घातली.

९ फेब्रुवारी
नवं लाकूड परवडेना. पाण्यावाचून उठलेल्या एका गावातून आठ सागवानी दारं स्वस्तात उतरवली. धोंडप्पा मिस्त्री म्हणाला, दार काढताना उंबऱ्यावर तांब्याभर पाणी सोडावं, म्हणजे त्या घरातलं कुणी दाराच्या मागोमाग येत नाही. मी भडकलो. तीन मैलांत प्यायला थेंब नाही आणि याला दगडावर ओतायचंय. तांब्या मीच तोंडाला लावला. धोंडप्पा एवढंच बोलला, "मालक, त्या घरात बायको आणायलाव. जरा इचार करा."

२१ फेब्रुवारी
पहिले भाडेकरू आले. कचेरीतले मन्मथअण्णा आणि त्यांची बायको लक्ष्मीबाई. दुसरी खोली दिली. दुपारी लक्ष्मीबाईंनी विचारलं, शेजारी कोण आलंय, भांडी वाजतात. तिसरी तर रिकामी. उंदीर असतील म्हणालो.
सिंधुला निरोप धाडला: खोली तयार आहे.

२६ फेब्रुवारी
भर उन्हात तिसरीला आतून कडी. खांदा लावला, तर आतून म्हातारीनं विचारलं, कोण हाय. अगदी घरच्यासारखं. मालक आहे म्हणून ओरडलो. आत हसले. बायका, लेकरं, पुष्कळ जण. मग दार आपोआप उघडलं. आत कुणी नाही. कोपऱ्यातली फरशी चुलीसारखी गरम.

१ मार्च
अण्णा सामान टाकून, बायकोला घेऊन गेले. त्याआधी लक्ष्मीबाई त्यांना 'पाव्हणे' अशी हाक मारून राहिल्या. स्वतःच्या नवऱ्याला. लेकरांची वाट बघते म्हणाल्या — त्यांना लेकरू नाही. अण्णांनी दंड धरून ओढत बाहेर काढलं. सडकेवर आल्यावर रडल्या, मग नवऱ्याला ओळखलं.

३ मार्च
आठही उंबऱ्यांवर घागरी ओतल्या. दगड लगेच कोरडे. आतून म्हणाले, अजून —
सिंधुला पत्र टाकलं, येऊ नको. वेळेत पोचलं म्हणजे —

५ मार्च, दुपार
आली. पत्राआधीच निघालेली. मी पाण्याला गेलो तेवढ्यात चौथीत जाऊन सावलीला बसली.
पदर डोक्यावरून. मांडीवर काही नाही, तरी थोपटून राहिली. भिंतीला टेकून, तिच्या चहूबाजूंनी — बसलेले —
मला म्हणाली, "या पाव्हणे. पाणी न्हाई बघा घरात."
अण्णांनी ओढलं तसं ओढायचं. चार पावलं. मी हात पुढं केला. भिंतीकडच्या सगळ्यांनी माना वर केल्या — हात मागं घेतला. मीच घेतला.
बाहेर आलो. दार लावलं. पाठ दाराला लावून लिहितोय. आत आता ती माझं नाव घेऊन राहिली. ओळखलं तिनं. उघड म्हणते. दोन्ही हातांनी दार बडवते, आणि मी पाय रोवून —