पट्टीचे स्क्रू आणि दादाचा कान

४ फेब्रुवारी, मंगळवार

स्क्रूगन आली. प्लास्टिकच्या पट्टीवर ओळीने स्क्रू बसवलेले, एक आत गेला की पुढचा आपोआप सरकतो. एका हाताने चालते — दुसऱ्या हाताने जिप्सम बोर्ड धरता येतो. म्हणूनच घेतली. बोर्ड धरायला आता दादा नाही.

कुठल्या कामाला यंत्राच्या टोकाला कुठलं बिट, कुठले स्क्रू, हे बावीस वर्षं तोच बघायचा. मी नुसता हात पुढे करायचो. हातात बरोबर तेच पडायचं.

५ फेब्रुवारी

दवाखान्याच्या वेटिंग हॉलचं काम सुरू. पहिल्याच बोर्डात निम्मे स्क्रू जागच्या जागी फिरत राहिले. सांगाडा पत्र्याचा, आणि मी उचलून आणले लाकडाचे, रुंद आट्यांचे! पत्र्यात त्यांची पकडच बसत नाही. बोर्ड उतरवला, पुन्हा दुकानात.

दुकानदार म्हणाला, "पत्र्याला बारीक आटे. हे मी तुम्हाला सांगायचं? तुमचे बंधू डोळे मिटून उचलायचे."

पिशवी घेतली, निघालो.

७ फेब्रुवारी

आटे बरोबर, तरी रड आहेच. काही स्क्रूंची डोकी वर राहतात. गनवर स्क्रूची खोली वाढवली तर शेजारचा स्क्रू बोर्डाचा कागद फाडून आत घुसतो. रंगाऱ्याने भिंतीवरून तळवा फिरवला.

"यावर मी पुट्टी मारू, की लोकांनी टोप्या अडकवायच्या?"

हसू आलं नाही. हॉल सोमवारपासून आठ दिवसांत द्यायचाय.

८ फेब्रुवारी

दादाचा नंबर काढला. फोन ठेवून दिला.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. खरं ते इथे तरी लिहावं.

आठ महिन्यांपूर्वी एका छताचं काम रखडलं होतं. दादा बोर्ड खाली ठेवून सारखा थांबायचा. मी ठेकेदारासमोर म्हणालो, "तुझ्यामुळे उशीर होतोय. जमत नसेल तर घरी बस." त्याने कमरेची हत्यारांची पिशवी सोडली, माझ्या शिडीला अडकवली आणि निघून गेला. आठवड्याभरात बिऱ्हाड वहिनीच्या माहेरगावी. आता मेव्हण्याच्या दुकानात बसतो म्हणे.

मला वाटलं होतं, येईल चार दिवसांनी. मोठा आहे, राग गिळेल. नेहमी तोच गिळायचा.

अजूनही शिडीवरून हात खाली करतो. हात रिकामाच परत येतो.

१० फेब्रुवारी

केला फोन. वहिनीने उचलला. "भाऊजी? बरी आठवण झाली." मग आत हाक मारलेली ऐकू आली, आणि मग तो.

"काय रे छोट्या."

एवढंच. जणू सकाळीच भेटलो होतो. मी घाईघाईने स्क्रूंचं सांगितलं — दुसरं काही सांगायचं धाडस नव्हतं.

"फोन जवळ धर. चालव."

चालवली.

"पुन्हा."

पुन्हा चालवली.

"शेवटी घरघर येते, ऐकू येत नाही तुला? बिट स्क्रूच्या खाचेतून निसटतंय. टोक बघ. ते लाकडाचे स्क्रू फिरले ना, तेव्हाच झिजलं ते."

खरंच झिजलं होतं. मी त्याला लाकडाच्या स्क्रूंची गंमत सांगितली तेव्हा तो हसला होता. मग म्हणाला, "नवं घेताना स्क्रू सोबत ने. बिट आडवं धर, टोकाला स्क्रू लाव, हात सोड. लोंबला नाही तर ते बिट आपलं. आणि लांबी जुन्याइतकीच. आखूड घेतलंस तर सगळीच डोकी वर राहतील."

११ फेब्रुवारी

चार बिटं लावून बघितली. तिसऱ्यावर स्क्रू आडवा राहिला. दोन घेतली.

भिंत गुळगुळीत. रंगारी तळवा फिरवून नुसता "हं" म्हणाला. त्याच्यासाठी ते खूप झालं.

१४ फेब्रुवारी

रोज दुपारी फोन करतो. दुहेरी बोर्डाला किती लांबीचे स्क्रू? कडेपासून किती अंतर? मला माहीत असतं. तरी विचारतो. तो प्रत्येक वेळी पहिल्यांदा विचारल्यासारखं नीट सांगतो. मग कुणीतरी "बरं" म्हणतं.

ये, एवढं एकच म्हणायचं असतं. ओठांपर्यंत येतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

वहिनीचा फोन. दादा बाहेर गेला होता.

"मी सांगितलं म्हणू नका. त्यांचा उजवा खांदा गेलाय. केस विंचरायला हात वर जात नाही. तिकडे असतानाच सुरू झालं होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यांचंही काम ओढत बसला असता. म्हणाले, रागावलाय ना माझ्यावर, बरं झालं. एकटा उभा राहील."

म्हणजे तो सारखा थांबायचा, ते यामुळे. आणि मी चारचौघांत काय बोललो.



१७ फेब्रुवारी

आज स्क्रूंचं काही विचारलं नाही. म्हणालो, "दादा, तू ये."

तो हळूच म्हणाला, "हात वर जात नाही रे छोट्या."

"माहीत आहे. मी चुकलो. वर मी जातो, तू खाली बस. कान तर शाबूत आहेत ना तुझे?"

त्याने विचारलं, "पहिली गाडी तिकडे किती वाजता पोचते?"