मेलेलं म्हणून नांगरायला काढलेलं गवत

प्रिय आई, नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते आणि नोकरी शाबूत आहे. "पुन्हा कुणाशी भांडलीस?" असं तू विचारशीलच. भांडले.

आमच्या संशोधन केंद्रातलं गवताचं जुनं रान साहेब नांगरायला निघाले होते. हे झुपक्यांनी वाढणारं गवत वर्षानुवर्षं जगतं. दुष्काळात पाती वाळतात, पण बुडाशी जीव राहतो आणि खोल मुळं माती धरून ठेवतात. जुना झुपका मधोमध वाळतो, तेवढंच बघून साहेब म्हणाले, "सगळं मेलंय."

बैठकीत मी असं भाषण ठोकलं की लोक घड्याळं बघू लागले! शेवटी साहेबांना हाताला धरून रानात नेलं.

"बसा खाली. मधे नाही, कडेला बघा."

त्यांनी वाळकी पाती बाजूला केली. बुडाशी हिरवे कोंब होते.

"अहो, हे तर जिवंत आहे!"

"तेच तासभर सांगतेय!"

पावसापर्यंत नांगर थांबलाय. पाऊस लांबलाय खरा, पण गवत धीराचं आहे.

दुखण्यातून उठल्यापासून बाबा अंगणातही येत नाहीत, असं ताई म्हणाली. "मी संपलो" म्हणतात का अजून? त्यांना माझ्यासारखं भाषण ऐकवू नकोस. हाताला धरून बाहेर ने.

तुझी भांडखोर लेक