निनावी अर्जाखालचं नाव

दादा,

माझ्या निनावी अर्जावर चौकशी होणार नाही, हे आज चौकशी अधिकारी बाईंनी सगळ्या कामगारांसमोर सांगितलं. खाली नाव नसलेला कागद पुरावा म्हणून चालत नाही. म्हणजे लिफ्ट घसरून दोघींचे पाय मोडले, त्याचा ठपका म्हाताऱ्या लिफ्टमनकाकांवर बसणार आणि त्यांची नोकरी जाणार.

ब्रेकची चाचणी वजनं न चढवताच उरकली होती. चाचणी घेणारा म्हणून कागदावर सही तुझी होती. मी तुझ्या मदतीला शेजारीच उभी होते आणि बोलले नाही.

लहानपणी आपण सुपरहिरोंची पुस्तकं पोथीसारखी वाचायचो. मी विचारायचे, "हा तोंड का लपवतो रे?" तू म्हणायचास, "अगं येडे, नाव कळलं तर घरच्यांवर संकट येईल ना!" तेवढंच धरून मी नाव लपवलं. घरचा म्हणजे तूच. पण त्या गोष्टींतला मुखवटेवाला मार स्वतः खातो. माझ्या मुखवट्यापायी मार खातायत काका, आणि काल तेच मला विचारत होते, "पोरी, जेवलीस का? तोंड का उतरलंय?"

हे पत्र मी टाकणार नाही. तू धावत येशील, आईची शपथ घालशील आणि मी विरघळेन.

सोमवारी अकराला मी नावानिशी जबाब देणार आहे. माझ्यानंतर ते तुला बोलावतील. तू बाहेर येईपर्यंत मी दाराजवळच्या बाकावर बसून राहीन.

तुझी,
धाकटी